घराचे दार उघडे असू द्या

आपल्या पुसेगावच्या मुलखाला भजन, सप्ताह, वारी काही नवी नाही. याच हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे नामदेव महाराजांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव विठ्ठलनामात इतके रंगले, की आई गोणाई आणि पत्नी राजाई यांनी प्रपंचाची तक्रार केली; तसे अभंग त्यांच्या नावावर आहेत. पण घर तुटले नाही. घरच्यांनीही अभंग रचले. भक्ती आली, तरी रुसायला-बोलायला जागा राहिली.

घोर लावणारी गोष्ट वेगळी. घरचे माणूस एखाद्या बाबाच्या नादी लागते आणि हळूहळू घरच्यांना भेटायलाही तिथली परवानगी लागते. आजाऱ्याचे औषध बंद होते, लेकरांची शाळा सुटते, शेताच्या कागदावर सही मागतात. ‘सोडून गेलास तर वाटोळे होईल,’ अशी भीती घालतात. असे दिसले, की ती नुसती श्रद्धा राहिली नाही, ताबा झाला, असे समजावे.

मग करावे काय? त्याच्या गुरूला शिव्या देऊ नयेत. ‘घरचे तुझे वैरी’ असे तिथे पढवलेले असते. आपण भांडलो, की त्याला तेच खरे वाटते. सज्ञान माणसाला बांधूनही आणू नये. सणावाराला निरोप धाडावा, आईच्या तब्येतीचे, पीकपाण्याचे बोलावे. हाती रोकड देऊ नये. जेवण, कपडे, औषध द्यावे.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. पुण्यात 1974 साली रजनीशांचा आश्रम निघाला. 1981 साली त्यांच्या अनुयायांनी अमेरिकेत ओरेगॉन प्रांतात वसाहत केली. 1984 साली तिथल्या काही प्रमुखांनी जवळच्या गावातील खाणावळींच्या अन्नात जंतू मिसळले. 751 माणसे आजारी पडली. 1985 साली वसाहत मोडू लागली आणि राहणारे पांगले. असा दिवस आला, म्हणजे परतायला उंबरा लागतो. ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हटलेले असले, तर माणूस जाणार कुठे?

कायदाही पाठीशी आहे बरं का! महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून भीती घालणे, किंवा साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखून मंत्रतंत्राचे उपचार करणे, हे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. कीर्तन, भजन, वारी यांना तो हात लावत नाही. तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी.

गुरुजींनी एवढे करावे: पोर शाळेत येईनासे झाले, तर घरी जाऊन चौकशी करावी. लेकराला धोका वाटला तर 1098 वर फोन करावा. घरच्यांच्या मनावरचा ताण सोसेना, तर ‘टेली-मानस’चा 14416 हा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येते. शेजाऱ्यांनीही त्या घराला नावे ठेवू नयेत. दुःख लपवावे लागले, की मदत मागायला उशीर होतो.