रुबीची सुटी हत्यारे
प्रोग्रामिंगची भाषा संगणकावर घेतली की तिच्यासोबत तयार हत्यारांची पेटी येते: तारखा हाताळायला, फाइली वाचायला, तक्ते उलगडायला. हीच स्टँडर्ड लायब्ररी. ती भाषेला चिकटलेली असली, तर एका हत्यारातली चूक दुरुस्त करायलाही भाषेच्या नव्या आवृत्तीची वाट पाहावी लागते. जपानमध्ये जन्मलेल्या रुबीची मोठी आवृत्ती तर वर्षातून एकदा, नाताळाला येते.

म्हणून रुबीने बरीच हत्यारे सुटी करून त्यांची ‘जेम’, म्हणजे स्वतंत्र पॅकेजे केली. ‘डिफॉल्ट’ जेम काढून टाकता येत नाही, पण अद्ययावत करता येते. ‘बंडल्ड’ जेम सोबत येते, तरी नको असल्यास काढताही येते. एक्सएमएल वाचणारे रेक्सएमएल 2020 साली, 3.0 आवृत्तीत बंडल्ड झाले. 2024 मध्ये त्यात सुरक्षेच्या त्रुटी सापडल्या, तेव्हा तेवढेच जेम बदलून भागले. या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मला हाच वाटतो.

त्रासही आहे. 3.4 आवृत्तीत तक्ते उलगडणारे सीएसव्ही बंडल्ड झाले. जेम सांभाळणारे बंडलर हे साधन वापरणाऱ्यांनी ते जेमफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या जेमच्या यादीत, स्वतः नोंदवले नाही, तर कालपर्यंत चालणारा प्रोग्राम अडतो. 3.3 आवृत्ती याचा इशारा आधीच देते. तो वाचा, नोंद करा आणि मगच पुढे जा.