माध्यम-प्रवाहण, गृहांतर्गत

घरातील संगणकात किंवा भ्रमणध्वनीत (मोबाइलमध्ये) साठविलेली छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे व चलच्चित्रे त्याच घरातील दूरचित्रवाणी संचाकडे सलग प्रवाहाच्या रूपाने पाठवून तेथे पाहण्याच्या वा ऐकण्याच्या पद्धतीस गृहांतर्गत माध्यम-प्रवाहण म्हणतात. पेन ड्राइव्हवर नक्कल करून तो संचाला जोडणे याहून ही पद्धती वेगळी आहे. प्रवाहणात मूळ साठा जागच्या जागी राहतो. संच त्यातील थोडाथोडा भाग मागवितो, दाखवितो व टाकून देतो. कार्यक्रम संपल्यावर संचात त्याची प्रत उरत नाही. भ्रमणध्वनीवरून आंतरजालावरील (इंटरनेटवरील) कार्यक्रम संचावर लावण्याची क्रियाही व्यवहारात याच नावाखाली येते. मात्र तिची कार्यपद्धती निराळी असल्याने तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

पूर्वपीठिका : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी प्रेक्षकाचे काम छपरावरील आकाशक (अँटेना) फिरवून संदेश पकडणे एवढेच होते. १९८० नंतरच्या दशकात मुंबई व इतर शहरांत एका ठिकाणी व्हिडिओ कॅसेट यंत्र ठेवून त्यातील संदेश समाक्ष तारेने (केबलने) अनेक घरांत पोहोचविण्याची प्रथा सुरू झाली. मध्यवर्ती साठा एक व त्यावरून चालणारे संच अनेक, ही प्रवाहणाची मूळ कल्पना या केबल व्यवसायात आढळते. फरक इतकाच की, काय दाखवावयाचे हे केबलचालक ठरवीत असे.

पुढील बदलांचा क्रम तालुक्याच्या गावाच्या उदाहरणावरून चांगला समजतो. नागपूरच्या वायव्येस सु. ३५ किमी.वर कोलार नदीकाठी वसलेले सावनेर हे नगरपरिषदेचे गाव होय. केंद्र शासनाने केबल प्रसारणाच्या अंकीकरणाचे चार टप्पे पाडले. त्यांत नागपूर शहर दुसऱ्या टप्प्यात (मुदत ३१ मार्च २०१३), तर सावनेरसारखी उरलेली नागरी क्षेत्रे तिसऱ्या टप्प्यात (मुदत ३१ डिसेंबर २०१५) येत होती. आसपासची खेडी चौथ्या टप्प्यात मोडत. या बदलाने घरोघरी सेट-टॉप बॉक्स आले. सप्टेंबर २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल एकाएकी स्वस्त झाले आणि चित्रफितींचा साठा प्रत्येकाच्या खिशात आला. अशा रीतीने मोठा पडदा भिंतीवर व साठा हातात अशी स्थिती निर्माण झाली; या दोहोंना जोडणे हेच गृहांतर्गत प्रवाहणाचे कार्य होय.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा या जोडणीची उपयुक्तता अनेक कुटुंबांना जाणवली. घरात भ्रमणध्वनी एक व शिकणारी मुले दोन-तीन असली, तर लहानशा पडद्यावरील धडा सर्वांना दिसत नाही. तोच धडा संचावर लावल्यास सर्व मुले एकत्र पाहू शकतात.

तीन पद्धती : प्रेक्षकाला सारख्याच वाटणाऱ्या तीन पद्धती प्रचारात आहेत. चित्र कोठून निघते व कोणत्या मार्गाने येते यांवरून त्यांच्यात भेद करतात.

(१) पडदा-प्रतिबिंबन : यात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जे दिसते तेच संचावर उमटते. वाय-फाय अलायन्स या संस्थेने २०१२ मध्ये प्रसृत केलेले मिराकास्ट हे मानक या प्रकारचे आहे. त्यात भ्रमणध्वनी व संच यांचा बिनतारी संबंध थेट जुळतो. राउटर किंवा आंतरजाल यांची गरज नसते. मात्र पडद्यावरील चित्राचे क्षणोक्षणी नव्याने संकेतन करावे लागत असल्याने भ्रमणध्वनीची विद्युत् घटमाला (बॅटरी) लवकर उतरते आणि चित्र किंचित मागे पडते.

(२) साठ्यातून प्रवाहण : यात संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर साठ्याची सूची पुरविणारा कार्यक्रम (सर्व्हर) चालू ठेवतात, संच ती सूची वाचून हवी ती फीत मागवितो. याकरिता निरनिराळ्या कंपन्यांची साधने एकमेकांस ओळखू शकावीत म्हणून २००३ मध्ये सोनी, इंटेल इ. कंपन्यांनी एक संघटना स्थापिली. तिचेच नाव पुढे डीएलएनए झाले. प्लेक्स, जेलीफिन, कोडी हे कार्यक्रम याच कार्यासाठी वापरतात.

(३) निर्देश-प्रवाहण : यात भ्रमणध्वनी केवळ कार्यक्रमाचा पत्ता संचाला कळवितो, कार्यक्रम संच स्वतःच आंतरजालावरून मागवितो. भ्रमणध्वनी येथे दूरनियंत्रकाचे (रिमोटचे) काम करतो. २०१३ मध्ये निघालेल्या व डिसेंबर २०१४ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या क्रोमकास्ट या छोट्या साधनाने ही पद्धती लोकप्रिय केली.

राउटरला बाहेरून येणारी आंतरजालाची तार काढून पाहिल्यास भेद तत्काळ कळतो. पहिल्या दोन पद्धती सामान्यतः चालू राहतात. तिसरी साठविलेला थोडा भाग संपताच थांबते. दुसऱ्या पद्धतीतील काही साधनांनाही आरंभी ओळख पटविण्यासाठी आंतरजाल लागते, हे ध्यानात ठेवावे.

कार्यपद्धती : राउटर हा घरातील सर्व साधनांना जोडणारा केंद्रबिंदू होय. संच चालू होताच तो जालातील सर्वांना उद्देशून एक लहानसा संदेश सोडतो. साठा पुरविणारे साधन त्यास उत्तर देऊन आपला पत्ता कळविते. दोन्ही साधने एकाच जालात नसतील, उदा., संच राउटरवर व भ्रमणध्वनी स्वतःच्या मोबाइल जालावर असेल, तर ही ओळख होत नाही. ‘संच दिसत नाही’ या नित्याच्या तक्रारीचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

चित्राच्या एका चौकटीत १,९२० × १,०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस २४ बिट व दर सेकंदास २५ चौकटी धरल्यास दर सेकंदास सु. १२४ कोटी बिट पाठवावे लागतील. घरगुती बिनतारी जालास एवढा भार पेलणे अवघड असते. म्हणून शेजारच्या बिंदूंतील व लागोपाठच्या चौकटींतील सारखेपणाचा लाभ घेऊन संदेशाचे संक्षेपण करतात. २००३ मध्ये मान्य झालेल्या एच.२६४ या मानकाने हाच प्रवाह दर सेकंदास सु. ५० लाख बिटांवर आणता येतो. या वेगाने एका तासात २.२५ गिगाबाइट माहिती वाहते. दिवसाला दीड गिगाबाइट देणारी भ्रमणध्वनी योजना घेतलेल्या घरी तिसऱ्या पद्धतीने तो हिस्सा ४० मिनिटांत संपेल. तीच फीत आधीच साठविलेली असून पहिल्या वा दुसऱ्या पद्धतीने पाहिली, तर या हिश्शातून काहीच खर्च होत नाही. राउटर नसलेल्या घरी भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट चालू करून संच त्यास जोडता येतो. घरातले हे जाल व बाहेरचे आंतरजाल या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रवाहाचा वेग कमीजास्त होतो, परंतु चित्र एका गतीने चालावे लागते. यासाठी संच काही सेकंदांचा मजकूर आगाऊ साठवितो. नळाला पाणी थांबून थांबून आले तरी छपरावरील टाकीमुळे घरातील तोटी सारखी वाहते, तसेच हे आहे. टाकी रिकामी झाली की, चित्र थांबते व पडद्यावर चक्र फिरू लागते.

अडचणी : वाय-फायसाठी मुख्यतः २.४ व ५ गिगॅहर्ट्‌झ या कंप्रता पट्ट्यांचा उपयोग करतात. पहिल्याचे तरंग भिंतींतून अधिक पोहोचतात. पण शेजाऱ्यांचे राउटर व सूक्ष्मतरंग भट्टी (मायक्रोवेव्ह) यांचा त्यांत व्यत्यय येतो. दुसरा पट्टा अधिक वेग देतो. परंतु जाड भिंतीमागे क्षीण होतो. शिवाय भ्रमणध्वनीकडून राउटरकडे व तेथून संचाकडे असा एकच मजकूर त्याच हवेतून दोनदा जात असल्याने उपलब्ध वेग सु. निम्माच उरतो. यांपैकी एक टप्पा तारेने जोडल्यास पुष्कळ फरक पडतो.

संचातील विसंकेतक फितीचे संकेतन ओळखत नसेल, तर संगणकास ती चालू असतानाच दुसऱ्या संकेतनात रूपांतरित करावी लागते; जुना संगणक त्यात मागे पडतो. चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे झाल्यास ध्वनीचे संकेतन संचाला अपरिचित आहे असे बहुधा समजावे.

मराठी प्रेक्षकास एक विशेष अडचण येते. उपशीर्षके (सबटायटल) वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये असतात व संच ती स्वतःच्या अक्षरसंचातून रेखाटतो. त्यात देवनागरी नसल्यास अक्षरांच्या जागी चौकोन उमटतात. देवनागरी असूनही अक्षरजुळणीची सोय नसल्यास ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाते व जोडाक्षरे फुटतात. फाइल युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेली असल्यास रोमन चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. युनिकोड फाइल वापरून संगणकाकडूनच उपशीर्षके चित्रात मुरवून पाठविणे, हा यावरील खात्रीचा उपाय होय.

सुरक्षितता व प्रताधिकार : जालातील कोणतेही साधन संचाला आज्ञा देऊ शकत असल्याने राउटरचा परवलीचा शब्द सर्वांना देणे धोक्याचे असते. जानेवारी २०१९ मध्ये राउटरच्या सदोष मांडणीचा लाभ घेऊन परक्या व्यक्तींनी हजारो घरांतील संचांवर आपली चित्रफीत लावली होती. व्यापारी कार्यक्रमांचे संदेश गूढलिपीत असतात. त्यांचे प्रतिबिंबन करू गेल्यास पडदा काळा राहतो. हा बिघाड नसून हक्कधारकाने घातलेला अटकाव असतो. असा अटकाव हक्कभंगाच्या हेतूने मोडणे हा प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२ साली घातलेल्या कलम ६५ अ अन्वये गुन्हा आहे. घरी पाहणे व उत्सवाच्या मंडपात दाखविणे यांतही कायद्याने भेद केला आहे.

स्वायत्ततेचा प्रश्न : मार्च २०२५ मध्ये क्रोमकास्टच्या दुसऱ्या पिढीतील साधनांची ओळख पटविणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि सुस्थितीतील साधने जगभर एकाच वेळी निकामी झाली, निर्मात्या कंपनीने दुरुस्ती पाठविल्यावरच ती पुन्हा चालू लागली. या मालिकेचे उत्पादन २०२४ मध्येच थांबले होते. उलट, डीएलएनए ही संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, तरी तिच्या नियमांनुसार बनविलेले संच व संगणक आजही परस्परांस ओळखतात. कारण त्यांच्या संभाषणात तिसऱ्या कोणाची संमती लागत नाही.

कॅसेटवरून अंकीय रूपात आणलेले लग्नाचे चित्रण, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, गावातील नाटकाची फीत यांसारखे साहित्य कोणत्याही वाहिनीवर वा व्यापारी संग्रहात मिळणार नाही. ते स्वतःच्या साठ्यात, सर्वमान्य संकेतनात ठेवल्यास बाहेरची सेवा बंद पडली तरी घरच्या पडद्यावर पाहता येते. मात्र प्रवाहणाने संचात प्रत तयार होत नसल्याने साठ्याची तबकडी बिघडल्यास सर्व काही नष्ट होते. यासाठी दुसरी प्रत वेगळ्या तबकडीवर, शक्य तर वेगळ्या घरी, ठेवणे आवश्यक असते.