दुसरी प्रत कुठे आहे?

शाळेतील जनरल रजिस्टर किती मोलाचे असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला माणूस एक दिवस जन्मतारखेच्या दाखल्यासाठी दारात उभा राहतो आणि लेखनिक कपाटातून ते कडा झिजलेले जाड पुस्तक बाहेर काढतात. नोंद सापडली की त्या माणसाचे काम होते. पण कपाटाला वाळवी लागली किंवा छप्पर गळून पाने एकमेकांना चिकटली, तर काय? समजा, एका दूरदर्शी मुख्याध्यापकांनी रजिस्टरची हुबेहूब दुसरी प्रत करून घेतली आणि ती त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. आता धोका निम्मा झाला का? की जवळजवळ होता तेवढाच राहिला?

आज हाच प्रश्न बँका, रुग्णालये, कारखाने आणि सरकारी खाती यांच्यापुढे आहे. फरक इतकाच, की त्यांचे रजिस्टर आता संगणकात असते. माहितीची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या ठिकाणी कशी ठेवतात आणि संकटानंतर तिच्यावरून मूळ माहिती परत कशी उभी करतात, हे आपण या लेखात पाहू. त्यासाठी संगणकशास्त्राची फारशी गरज नाही. दहावीपर्यंतचे गणित पुरते.

गुणाकार केव्हा चालतो?

हार्ड डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र कधीतरी बिघडतेच. सोयीसाठी असे धरू, की एक डिस्क एका वर्षात बिघडण्याची शक्यता ५० त १ आहे. तीच माहिती दोन डिस्कवर ठेवली, तर दोन्ही बिघडण्याची शक्यता १/५० × १/५०, म्हणजे २५०० त १ होते. तीन डिस्कवर ठेवली तर सव्वा लाखात १. हे पाहून कुणालाही वाटेल, की एका खोलीत तीन डिस्क बसवल्या की काम संपले.

पण शक्यतांचा गुणाकार करण्याची एक अट आपण वर्गात शिकवतो: घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. एका खोलीतील डिस्क तशा नसतात. आग लागली, पूर आला किंवा चोरी झाली, तर सगळ्या एकदमच जातात. समजा, अशा आपत्तीची शक्यता वर्षाला १००० त १ आहे. मग एका खोलीतील तीन डिस्कवरची माहिती नष्ट होण्याची शक्यता सव्वा लाखात १ राहत नाही, ती साधारण १००० त १ होते. त्याच खोलीत चौथी, पाचवी डिस्क आणली तरी हा आकडा हलत नाही.

आता फक्त दोनच डिस्क घेऊ, पण दोन वेगळ्या गावांत ठेवू. प्रत्येक ठिकाणची माहिती जाण्याची शक्यता १/५० + १/१०००, म्हणजे सुमारे ०.०२१. दोन्ही ठिकाणची एकदम जाण्याची शक्यता ०.०२१ × ०.०२१ = ०.०००४४, म्हणजे सुमारे सव्वादोन हजारांत १. याचा अर्थ असा, की दोन गावांतील दोन प्रती एका खोलीतील तीन प्रतींपेक्षा दुपटीहून अधिक सुरक्षित आहेत. प्रती किती, यापेक्षा त्या एकमेकींपासून किती स्वतंत्र, हे महत्त्वाचे.

दोन आगी

हे केवळ कागदावरचे गणित नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या माहिती केंद्राला आग लागली. पाच मजली इमारत जळून गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांनी पैसे भरून बॅकअपची सेवा घेतली होती, पण मूळ माहिती आणि तिची राखीव प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या. खालच्या खणातील रजिस्टरची गोष्ट ती हीच.

दुसरी आग दक्षिण कोरियातील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली आणि ६४७ सरकारी संगणकप्रणाली थांबवाव्या लागल्या. त्यांपैकी बऱ्याच प्रणालींच्या प्रती अन्यत्र होत्या, पण सरकारी कर्मचारी ज्यात आपली कामाची कागदपत्रे ठेवत, त्या जी-ड्राइव्ह नावाच्या भांडारातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. भांडार फार मोठे असल्यामुळे त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती, असे कारण दिले गेले. इतकी मोठी प्रत ठेवणे जड वाटले खरे, पण गमावणे त्याहून जड गेले.

ढगात काय असते?

माहिती ‘क्लाउड’वर ठेवली, असे आपण म्हणतो तेव्हा ती ढगात जात नाही. ती दूरच्या कुठल्यातरी इमारतीतील संगणकांवर जाते, आणि त्या इमारतीलाही भिंती, वीज आणि बॅटऱ्या असतात. फायदा एवढाच, की ती इमारत आपल्या गावात नसते आणि तिची देखभाल करणारी माणसे त्याच कामाची असतात. म्हणून क्लाउडची सेवा घेताना विचारण्याचा पहिला प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच आहे.

दुसरा प्रश्न वेळेचा. माहिती तारेतून जायला वेळ लागतो. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. सेकंदाला १० कोटी बिट, म्हणजे १०० मेगाबिट, वाहून नेणाऱ्या जोडणीतून ती पाठवायला ८०,००० सेकंद लागतात. हे झाले बावीस तासांहून थोडे अधिक. दहा टेराबाइटना नऊ दिवस. रोज सगळी माहिती पाठवणे अशक्यच. म्हणून एकदा पूर्ण प्रत पाठवतात आणि त्यानंतर रोज फक्त बदललेला भाग. शंभर गिगाबाइटच्या साठ्यात दिवसभरात एक गिगाबाइट बदलला, तर त्याला फक्त ८० सेकंद पुरतात. वहीत रोजचे पान तेवढे नव्याने उतरवून घ्यावे, तसे हे.

परतीचा प्रवास मात्र पूर्ण भरावा लागतो. मूळ यंत्र गेले तर दहाच्या दहा टेराबाइट परत आणाव्या लागतात, आणि तेव्हा ते नऊ दिवस आठवतात. म्हणून कोणत्याही व्यवसायाने आधीच दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. किती वेळाचे काम गमावणे परवडेल? आणि किती वेळ बंद राहणे परवडेल? एका पतसंस्थेचे उदाहरण घेऊ. प्रत रोज रात्री बारा वाजता निघते आणि सर्व्हर दुपारी चार वाजता बंद पडला, तर त्या दिवशीच्या पिग्मीच्या सगळ्या नोंदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा भराव्या लागतील. हे चालणार असेल तर रोजची प्रत पुरे. चालणार नसेल तर दर तासाला प्रत हवी आणि तिचा खर्चही हवा.

आरसा म्हणजे प्रत नव्हे

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. काही ठिकाणी दोन सर्व्हर एकमेकांच्या सतत बरोबरीने ठेवलेले असतात: एकावर जे लिहावे ते क्षणात दुसऱ्यावर उमटते. हा आरसा झाला. एक यंत्र बंद पडले तर दुसरे लगेच काम उचलते, हा त्याचा उपयोग. पण कुणी चुकून एखादी नोंद पुसली, तर आरशातही ती त्याच क्षणी पुसली जाते.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या साठवणीच्या प्रणालीत केलेल्या सुधारणेत एक दोष शिरला आणि जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांच्या पेट्या रिकाम्या झाल्या. माहितीच्या प्रती अनेक केंद्रांत होत्या, पण दोष त्या सर्व प्रतींपर्यंत पोहोचला. शेवटी टपाल परत मिळाले ते चुंबकीय फितीवरून, कारण फीत कपाटात स्वस्थ पडलेली होती आणि प्रणालीचा हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता.

जून २०१७ मधील घटना याहून बोलकी आहे. ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणक-विषाणू युक्रेनमधून पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली. आपल्या न्हावाशेवा बंदरातील कंपनीच्या टर्मिनलचे कामही त्यात अडले. कोणत्या कर्मचाऱ्याला कशात प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे मर्स्कचे सुमारे दीडशे सर्व्हर देशोदेशी होते. प्रत्येक सर्व्हर इतरांची प्रत, अशी रचना होती. सगळे एकदम जातील, हे कुणी धरलेच नव्हते. अंतराने ते दूर होते, पण तारेने जोडलेले होते, म्हणजे स्वतंत्र नव्हते. वाचला तो एकच, घानामधला. विषाणू आला तेव्हा तिथे वीज गेलेली होती! त्यावरील काहीशे गिगाबाइट तारेने पाठवायला कित्येक दिवस लागले असते, म्हणून एक कर्मचारी डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथून दुसऱ्याने ती लंडनला नेली.

यातून व्यवसायांनी धडा घेतला, की निदान एक प्रत तारेपासून तुटलेली असावी किंवा ठराविक मुदतीपर्यंत मालकालाही पुसता येऊ नये. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: प्रती तीन, साधने दोन प्रकारची आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. दूरची प्रत परक्याच्या हाती पडली तरी वाचता येऊ नये म्हणून ती सांकेतिक रूपात ठेवतात. मात्र त्या संकेताची किल्ली मूळ यंत्रावरच ठेवली, तर यंत्राबरोबर किल्ली जाते आणि प्रत हाती असून उपयोग नसतो.

हरवलेले अंक परत मिळवा

तीन प्रती म्हणजे तिप्पट जागा. मोठी केंद्रे याहून काटकसरीचा मार्ग वापरतात आणि तो आपल्याला वर्गात करून दाखवता येतो. फळ्यावर ७, ३, ९, ५ हे चार अंक लिहा. त्यांची बेरीज २४. दुसरी बेरीज करताना पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणा: ७ + ६ + २७ + २० = ६०. आता हे सहा आकडे सहा विद्यार्थ्यांना एकेक चिठ्ठीवर द्या. मग दुसरा आणि चौथा अंक ज्यांच्याकडे आहे, त्या दोघांना वर्गाबाहेर पाठवा.

उरलेल्यांनी हरवलेले अंक क आणि ख मानावेत. पहिल्या बेरजेवरून क + ख = २४ − १६ = ८. दुसरीवरून २क + ४ख = ६० − ३४ = २६, म्हणजेच क + २ख = १३. वजाबाकी केली की ख = ५ आणि क = ३. सहांपैकी कोणतेही दोघे बाहेर गेले तरी सगळे अंक परत मिळतात, आणि जादा जागा लागली फक्त निम्मी. सहा चिठ्ठ्या सहा गावांत ठेवल्या, तर दोन गावांत आग लागली तरी माहिती शाबूत. या पद्धतीचे प्रगत रूप अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडले. भाजीवाल्याकडचा क्यूआर कोड थोडा डागाळलेला असूनही वाचता येतो, तो त्याच गणितामुळे.

प्रत आहे, पण वाचता येते का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतील एका कर्मचाऱ्याने दमलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी थोडीच माहिती उरली. कंपनीकडे माहिती राखण्याच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, पण ऐनवेळी त्यांतली एकही धड चालेना. प्रत घेणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची असल्याने रोज निमूटपणे अपयशी ठरत होती आणि तसे कळवणारी पत्रेही पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज घेतलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले. मधल्या सहा तासांचे काम मात्र गेले.

आम्हाला यात दुसऱ्यांना हसण्याचा अधिकार नाही. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या मोजमापांच्या फिती नावे-तारखा घालून कपाटात नीट रचलेल्या होत्या. काही वर्षांनी त्यांतील आकडे हवे झाले, तेव्हा फिती होत्या पण त्या वाचणारे यंत्र भंगारात गेलेले होते. तीन वर्षांच्या प्रयोगांची मोजमापे आमच्या हातात आहेत आणि आम्हाला ती दिसत नाहीत. तेव्हापासून आम्ही दर सहा महिन्यांनी एक दिवस राखून ठेवतो. त्या दिवशी मूळ यंत्राला हात न लावता केवळ राखीव प्रतीवरून काम उभे करून पाहायचे. पहिल्या वेळी ते जमले नाही. जमले नाही हे संकटापूर्वी कळले, हाच त्या दिवसाचा लाभ.

हा प्रयोग शाळेतही करता येईल. आपल्या शाळेची कोणती नोंद एकाच ठिकाणी आहे, याची यादी विद्यार्थ्यांकडून करून घ्या. तिची दुसरी प्रत असेल तर ती कुठे आहे, कुणाला उघडता येते आणि शेवटची कधी उघडली होती, हे तीन रकाने समोर आखा. तिसरा रकाना बहुधा रिकामा राहील. कामाला सुरुवात तिथूनच करावी.