पेन विद्यार्थ्याच्या हाती

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली इंजिनिअरिंगची मुलं एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या, शिकवणीला येतात, तेव्हा अनेकांची तक्रार ठरलेली असते: "सर, लाप्लास जमत नाही." डिग्रीचं एम-वन, एम-टू त्यांच्या वाट्याला आलेलंच नसतं. शिकवणारा लगेच व्याख्येपासून सुरुवात करतो आणि मूल जिथे अडलेलंच नाही, तिथे निम्मा तास जातो.

त्याऐवजी इन्व्हर्स लाप्लासचं एक लहानसं गणित द्यावं आणि गप्प बसावं. मुलगा सूत्र बरोबर लिहितो, पण छेदात दोन अवयव दिसले की त्याचं पेन थांबतं. म्हणजे अडचण लाप्लासची नाहीच; डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकलेले पार्शल फ्रॅक्शन विस्मरणात गेलेत. एवढं कळलं की तास कशावर घालवायचा ते ठरतं. "कुठपर्यंत झालंय?" या प्रश्नाने कॉलेजचा पोर्शन तेवढा कळतो. असाइनमेंटची वही पाहूनही उपयोग नाही, ती बऱ्याचदा मित्राची उतरवलेली असते. कच्च्या कामाचं पान मागावं, खाडाखोडीसकट.

एटीकेटी लागलेलं मूल आधीच खचलेलं असतं. पहिल्याच गणितात पुरतं अडकलं तर ते तासभर नुसती मान डोलावत राहतं. म्हणून सुरुवातीच्या एक-दोन पायऱ्या त्याला हमखास येतील असंच गणित निवडावं. याला मी लाड म्हणणार नाही. चूक दाखवायची हिंमत त्याशिवाय येत नाही.

तासाचा शेवट सुरुवातीपेक्षा जास्त बिघडतो. घड्याळाकडे बघत शिकवणारा उरलेलं गणित भराभर सोडवतो, "समजलं ना?" विचारतो, मुलगा "हो सर" म्हणतो. ते "हो" खोटं नसतं. समोर सुटलेलं गणित सोपंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे नेमका लागू पडतो. विद्यार्थ्यांनी उतारे वाचले. काही उतारे पुन्हा वाचले, काही न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचलेलं जास्त आठवलं, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं: आठवून लिहिलेलं ५६ टक्के टिकलं, पुन्हा वाचलेलं ४२. शिकवणी आठवड्यातून एकदाच असेल, तर आपल्या कामाचा आकडा हा दुसरा.

म्हणून शेवटची दहा मिनिटं नव्या मुद्द्याला हात लावू नये. वही मिटायला सांगावं आणि त्याच जातीचं, आकडे बदललेलं गणित द्यावं. मग कागदाच्या चिठ्ठीवर दोन ओळी: आज महत्त्वाचं काय वाटलं, अजून काय उलगडलेलं नाही. अँजेलो आणि क्रॉस यांच्या अध्यापनावरच्या पुस्तकातून ही 'मिनिट पेपर'ची पद्धत बरीच पसरली. दुसरी ओळ कोरी आली तर बोट ठेवून विचारावं, "ही पायरी का घेतलीस?"

आणि गणित अर्धवट राहिलं तर आपण पुरं करून देऊ नये. मूल जिथे थांबलं तिथे तारीख टाकावी, पुढची एकच पायरी घरी करून आणायला सांगावी. परीक्षा दुसऱ्या दिवशीच असेल, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवून बसावं.