गिअर कोणी बदलायचा?

जामसंड्याहून निपाणीकडे जाणारा रस्ता गतिशास्त्र शिकवायला फार सोयीचा आहे. देवगड बंदराकडून चढून आलेला हा रस्ता सड्यावरून शिरगाव, नांदगाव करत फोंड्यापर्यंत लहानमोठे चढउतार घेतो, आणि फोंड्यानंतर मात्र सह्याद्रीची भिंतच समोर येते. घाटमाथ्यावर दाजीपूर, पुढे राधानगरी. या रस्त्याने ये-जा करणाऱ्या कुटुंबांत आता नवी गाडी घेताना एक प्रश्न हमखास निघतो: आपोआप गिअर बदलणारी, म्हणजे ऑटोमॅटिक गाडी आपल्या घाटात कमी पडेल का? शाळेतली मुलेही हा प्रश्न विचारतात. तो नेहमी चढाबद्दल असतो. उताराबद्दल सहसा कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र उताराचाच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. तो का, ते पाहू या.

मुळात गिअर लागतात कशाला? पेट्रोल किंवा डिझेल इंजिनाची एक खोड आहे. ते थांबलेले असताना काहीच जोर लावू शकत नाही. मिनिटाला सुमारे ८०० फेऱ्यांच्या खाली गेले की धापा टाकून बंद पडते, आणि साधारण ६००० च्या वर नेणे त्याला सोसत नाही. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. शिवाय इंजिनाचा पीळ, ज्याला आपण आघूर्ण किंवा टॉर्क म्हणतो, तो फार मोठा नसतो. एक लहान मोटार घेऊ. माणसे धरून वस्तुमान १२०० किलो, चाकाची त्रिज्या ०.२८ मीटर, इंजिनाचा टॉर्क ९० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि पाचव्यात ३.२ फेऱ्यांना एक, असे धरू. (आकडे उदाहरणादाखल आहेत, पण खऱ्या लहान गाड्यांच्या जवळचे आहेत.)

पहिल्या गिअरमध्ये चाकावर ९० × १४ = १२६० न्यूटन-मीटर मिळतात. त्याला त्रिज्येने भागले की रस्त्यावर लागणारे बल येते ४५०० न्यूटन. पाचव्यात हेच बल जेमतेम १०३० न्यूटन भरते. आता दहा मीटरला एक मीटर चढणारा रस्ता असेल, तर गुरुत्वाकर्षण गाडीला मागे ओढते ते १२०० × ९.८ ÷ १० म्हणजे जवळजवळ ११८० न्यूटनने. पाचव्या गिअरमध्ये हा चढ चढणार नाही, हे गणितानेच सांगितले. पहिल्यात सहज चढेल, पण इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असताना वेग असेल ताशी फक्त २३ किलोमीटर. पाचव्यात तेवढ्याच फेऱ्यांना तो ९९ असतो. बल वाढवले की वेग घटतो, वेग वाढवला की बल घटते. गिअरपेटी शक्ती निर्माण करत नाही, ती फक्त अदलाबदल करते. वर्गात हे दाखवायला गिअरची सायकल उत्तम.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की ही अदलाबदल केव्हा करायची हे कोणी ठरवायचे, आणि बदलताना इंजिन व चाके यांची जोडी काही क्षण सोडवायची कशी. हाताच्या गिअरमध्ये ते काम डाव्या पायाखालचा क्लच करतो. ऑटोमॅटिक हा शब्द मात्र एकच असला तरी त्याच्या आत अगदी वेगवेगळी यंत्रे आहेत, आणि लोकांचा बराच गोंधळ इथेच होतो.

सर्वांत जुना प्रकार तेलावर चालणारा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा, दुसरा बंदच असू द्या. पहिल्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. दुसरी पाती हाताने धरून ठेवली तरी पहिला पंखा बंद पडत नाही. हवेच्या जागी तेल आणि पंख्यांच्या जागी बंद डब्यातली चक्रे कल्पिली की टॉर्क कन्व्हर्टर समजला. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो जहाजांसाठी शोधला. मोटारीत तेलाच्या जोडणीवर चालणारी, भरघोस संख्येने खपलेली पहिली ऑटोमॅटिक गिअरपेटी १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने आणली. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये या दोन चक्रांच्या मध्ये तेलाचा प्रवाह वळवणारे तिसरे चक्र असते, त्यामुळे गाडी निघताना टॉर्क दुपटीच्या आसपास वाढतो. चढावर गाडी थांबवून पुन्हा निघायची असेल तर हे वरदानच. पण पंख्यांच्या प्रयोगात दुसरा पंखा पहिल्याइतका कधीच वेगाने फिरत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. तो फरक म्हणजे तेलात उष्णता होऊन वाया गेलेली ऊर्जा. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या ढिम्म आणि पेट्रोल पिणाऱ्या म्हणून बदनाम झाल्या त्या यामुळे, आणि त्यांच्यात गिअरही दोन-तीनच असत म्हणून. नंतरच्या गाड्यांत वेग आल्यावर दोन्ही चक्रे एकमेकांना घट्ट जखडणारा क्लच आला, गिअर सहा-आठ झाले, आणि तो फरक बराचसा मिटला.

दुसरा प्रकार महाराष्ट्राला मोटारीआधी स्कूटरवरून ठाऊक झाला. आकुर्डीच्या बजाज चेतकचे चार गिअर डाव्या मुठीत असत. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि मूठ पिरगाळून गिअर टाकण्याचे कामच उरले नाही. तिच्यात दातांची चाके बदलत नाहीत. दोन कप्प्या आणि त्यांवरचा पट्टा असतो, कप्पीच्या दोन बाजू जवळ-दूर सरकतात, पट्टा आत-बाहेर होतो आणि गुणोत्तर सलग बदलत जाते. हॉलंडच्या डाफ कंपनीने हीच युक्ती १९५८ साली मोटारीत वापरली होती. यात इंजिन त्याच्या आवडत्या फेऱ्यांवर ठेवता येते. पट्ट्याच्या घर्षणात मात्र थोडे गमावावे लागते.

तिसरा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त गाड्यांत शिरला. यात गिअरपेटी हाताचीच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबणे आणि गिअर टाकणे ही कामे माणसाऐवजी संगणकाच्या हुकमाने यंत्र करते. तेलातली गळती नाही, म्हणून कंपनीने जाहीर केलेला लिटरला २३.१ किलोमीटरचा आकडा दोन्ही गाड्यांसाठी एकच होता. किंमत मोजावी लागते ती झटक्याची: गिअर बदलताना क्षणभर चाकांचा जोर तुटतो आणि चढावर तो खांद्याला जाणवतो. हा झटका टाळण्यासाठी दोन क्लचांची गिअरपेटी निघाली. पुढचा गिअर आधीच तयार ठेवून ती इतक्या झटपट बदल करते की कसलेला चालकही मागे पडावा. तेव्हा हाताची गाडी नेहमीच जास्त चपळ असते, ही समजूत आता सोडायला हवी. आणि पेट्रोलचा खर्च गिअरपेटीपेक्षा चालकाच्या उजव्या पायावर अधिक ठरतो, असे आमचे मत आहे.

आता उतार. दाजीपूरहून फोंड्याकडे उतरताना १६ मीटरला एक मीटर असा उतार ८ किलोमीटर आहे असे समजा, म्हणजे एकूण ५०० मीटर खाली. आपली १२०० किलोची गाडी ७३५ न्यूटनने खाली खेचली जाते. टायरचे घर्षण त्यातले सुमारे १४० न्यूटन खाते. उरलेले ५९५ कोणी तरी रोखले पाहिजे, नाही तर वेग वाढतच जाईल.

पाय अॅक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी गिअरमध्ये असली, की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन विरोध करते. हा विरोध २० न्यूटन-मीटर धरू. दुसऱ्या गिअरमध्ये (गुणोत्तर ७.६) तो रस्त्यावर ५४० न्यूटन होतो, ब्रेकला उरतात फक्त ५५. पाचव्या गिअरमध्ये इंजिन २३० न्यूटनच रोखते, ब्रेकवर ३६५ पडतात. गाडी न्यूट्रल केली तर सगळे ५९५ ब्रेकवर.

याची उष्णता काढू. न्यूट्रलमध्ये ५९५ × ८००० म्हणजे सुमारे ४७.६ लाख ज्यूल. चारही चाकांच्या ब्रेकचे लोखंड मिळून ३० किलो धरले आणि एक किलो लोखंड एक अंश तापायला ५०० ज्यूल लागतात हे घेतले, तर तापमान वाढते ३१७ अंश. दुसऱ्या गिअरमध्ये ते ३० अंशही वाढत नाही. वाऱ्याने काही उष्णता निघून जाते हे खरे, पण पुढच्या ब्रेकवर भार जास्त असल्याने ते सरासरीहून अधिक तापतात. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि ओल शिरली की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. नेहमीच्या एका प्रतीच्या तेलासाठी कोरडे असताना किमान २०५ अंश आणि ओल शोषल्यावर किमान १४० अंश असे मानक आहे. कोकणातल्या दमट हवेत हा आकडा विसरू नये. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, तेल दाबले जात नाही. पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही.

पेट्रोल वाचावे म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे चालक अजून आहेत. कार्बुरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये आणि पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असला की पेट्रोल पूर्ण तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वर पेट्रोलही जास्त!

ऑटोमॅटिकचा खरा दोष इथे दिसतो. ती समोरचा रस्ता पाहत नाही. पाय उचलला की गाडी निवांत चालली आहे असे समजून अनेक ऑटोमॅटिक पेट्या वरचा गिअर टाकतात, नेमक्या उतारावर. काही नव्या गाड्या उतार ओळखतात, सगळ्या नाहीत. म्हणून दांड्याजवळ २, एल किंवा अधिक-उणे अशी खूण असते. घाटमाथ्यावरच, वेग वाढण्याआधी, दांडा तिथे न्यायचा. आम्ही विचारले तेव्हा ऑटोमॅटिक चालवणाऱ्या अनेकांनी ही खूण कधी वापरली नसल्याचे सांगितले. बिनगिअरच्या स्कूटरवाल्यांनी तर अधिकच जपावे: तिचा क्लच इंजिनाच्या फेऱ्या वाढल्यावरच पकडतो. मूठ सोडून उतारावर निघालेली स्कूटर इंजिनापासून सुटलेली असते. थोडी मूठ देऊन क्लच पकडू द्यावा, मग सोडावी.

विजेच्या मोटारीत गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही, कारण विजेची मोटर शून्य फेऱ्यांनाही पूर्ण टॉर्क देते. उतारावर तीच मोटर जनित्र बनते आणि ऊर्जा बॅटरीत परत जाते. १६०० किलोची गाडी ५०० मीटर उतरली तर ७८ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे २.२ युनिट वीज. टायर, वारा आणि यंत्रातली घट वजा जाता तिच्यातला काही भाग हाती लागतो. पण बॅटरी भरलेली असेल तर ही वीज ठेवायला जागाच नसते आणि काम पुन्हा ब्रेकच्या लोखंडावर येते. राधानगरीला मुक्काम करून सकाळी घाट उतरणाऱ्याने बॅटरी पूर्ण न भरता थोडी रिकामी ठेवलेली बरी.