कॅम्परची उंची किती असावी?

लोणावळ्याजवळच्या औंढ्यात मुक्कामाला नेण्यासाठी घरीच थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्पर बांधायचा, तर आधी तो ज्यावर बसवायचा त्या ट्रेलरची उंची ठरवा. खड्डे, गतिरोधक आणि पावसाचं साचलेलं पाणी पाहून उंच ट्रेलर घ्यावासा वाटतो. पण उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर असताना गुरुत्वमध्य ७० वरून ८० सेंटिमीटरवर गेला, तर वळणावर उलटण्याला होणारा विरोध आठव्या हिश्शाने घटतो. म्हणून तळ खड्ड्यांतून सुटेल इतकाच उंच ठेवा.

गाडीत माणसं आणि सामान भरून मगच ट्रेलर जोडायच्या हूकची उंची मोजा. जोडलेला ट्रेलर जमिनीला समांतर हवा. पुढचं टोक वर राहिलं, तर हूकवरचा भार कमी होऊन वेगात ट्रेलर डुलण्याचा धोका वाढतो. घाटरस्त्यावर हा हिशेब जीव वाचवतो.