उडी मारण्याआधी वजनकाटा

आमच्या कल्याण पूर्वेच्या वस्तीत रविवारची सकाळ म्हणजे कागदपत्रांची सकाळ. कोणाचे रेशनकार्ड, कोणाची जातपडताळणी, कोणाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. दोन महिन्यांपूर्वीच्या अशाच एका रविवारी मागच्या गल्लीतल्या ताई आपल्या बावीस वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, ह्याला कर्ज काढायचंय. कशासाठी विचाराल, तर उड्या मारायला! आता तुम्हीच समजवा.”

मुलगा बारावी झालेला. दिवसा कुरिअरची पाकिटे वाटतो आणि शनिवार-रविवारी कार्यक्रमांत ‘उंच माणूस’ होतो. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या वाचकांनी हे उंच माणसे पाहिलीच असतील. दुकानाचे उद्घाटन, वाढदिवस, लग्नाचा स्वागत समारंभ, असे काही असले की लांबलचक पायघोळ विजार घालून, पायाला काठ्या बांधून ते दारात उभे असतात. लेकरे टाळ्या पिटतात, पाहुणे फोटो काढतात. एका संध्याकाळचे त्याला १,००० रुपये मिळतात. आता ठेकेदाराने सांगितले होते, “स्प्रिंगच्या काठ्यांची जोडी स्वतःची आण, उड्या मारून दाखव, १,८०० देतो.” मुलाने मोबाइलवर एक जोडी पाहून ठेवली होती आणि हप्त्यांची चौकशीही केली होती.

आमचे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. उड्यांतले आम्हाला काय कळणार? पण कर्जातले थोडेफार कळते. म्हणून चार-सहा संध्याकाळ आम्ही या विषयात घातल्या, जाणत्यांना विचारले आणि एक रविवार भाड्याने जोडी आणून डोळ्यांनी पाहिली. आपली अनेक तरुण मुले या कामात शिरत आहेत, म्हणून जे समजले ते येथे देत आहोत.

ही वस्तू आहे तरी काय?

काठ्यांवर चढून चालणे आपल्याकडे नवे नाही. बस्तरच्या मुरिया गोंडांचा गेडी नाच प्रसिद्ध आहे, आणि छत्तीसगडात पावसाळ्यातल्या हरेलीच्या सणाला मुले बांबूच्या गेडीवर चढतात. फ्रान्सच्या लांद भागातले मेंढपाळ तर दलदलीत मेंढ्या राखण्यासाठी काठ्यांवरच वावरत असत. या झाल्या चालण्याच्या काठ्या. उडीच्या काठ्या मात्र अलीकडच्या. जर्मनीतील अलेक्झांडर ब्योक या गृहस्थांनी त्या तयार केल्या व २००४ साली अमेरिकेत त्यांचे पेटंट झाले. त्यांच्या जोडीचे नाव पॉवरस्किप. पुढे कोरियाची पॉवरायझर आली, मग इतर अनेक आल्या. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या समारोपात कलाकारांनी याच काठ्यांवर उड्या मारल्या होत्या.

रचना समजायला सोपी आहे. अॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर पाऊल बांधायची पायपट्टी, गुडघ्याखाली पोटरीला धरणारा पट्टा, मागे धनुष्यासारखी वाकलेली फायबरग्लासची लांब पट्टी आणि टोकाला घोड्याच्या खुरासारखा रबराचा तळवा. ट्रकच्या चाकावर पाटे असतात, तसाच हा पायाचा पाटा. पाऊल टेकले की अंगाच्या भाराने तो वाकतो आणि सरळ होताना माणसाला वर फेकतो. म्हणजे काठी स्वतःची ताकद काही लावीत नाही. तुमचेच वजन आणि तुमचाच जोर तुम्हाला परत करते. सगळी निवड या एका गोष्टीवर उभी आहे.

नावाला फसू नका

बाजारात ‘स्प्रिंगवाल्या’ म्हणून चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांची गल्लत करू नये.

पहिली, पोगो स्टिक. एकच दांडा, वर मूठ, आत लोखंडी वळ्यांची स्प्रिंग. हा खेळ आहे. दुसरी, उसळणारे बूट. ‘कांगू जम्प’ नावाचे स्विस बूट याच जातीचे. उंची कमी, तळाला वाकलेल्या पट्ट्या, आणि उपयोग व्यायामासाठी. तिसरी, पीओपी आणि रंगकाम करणारे कारागीर छताला हात पोचावा म्हणून बांधतात त्या अॅल्युमिनियमच्या काठ्या. आणि चौथी, वर सांगितलेली उडीची काठी.

धोका आहे तो तिसरीत. या कारागिरांच्या काठीलाही घोट्याजवळ स्प्रिंगा असतात. पण त्या चालताना पाय पुढे-मागे झुकावा आणि परत जागेवर यावा एवढ्यासाठीच. उडीचा दणका सोसायला त्या केलेल्याच नाहीत. आमच्या ओळखीच्या एका मुलाने गेल्या वर्षी ठाण्यातील एका कार्यक्रमात, संगीताचा जोर चढला तशी, याच काठ्यांवर उडी मारली. काठी तिरपी झाली, तो पेव्हर ब्लॉकवर हातावर पडला आणि मनगट मोडले. दीड महिना प्लास्टर. ठेकेदाराने त्या दिवसाचे पैसे दिले आणि पुढे फोन उचलला नाही. तेव्हा जाहिरातीत ‘स्प्रिंग’ हा शब्द दिसला म्हणजे उडी मारता येते, असे समजू नये.

किती उंच? नव्हे, किती किलो?

विक्रेत्यांच्या जाहिरातीत पाच-सहा फूट उडीचे आकडे ठळक असतात. खरेदी करणाऱ्याने पहिल्यांदा पाहायचा आकडा वेगळाच आहे. या पट्ट्या वजनाप्रमाणे येतात. बहुतेक ठिकाणी ५० ते ७० किलो, ७० ते ९०, ९० ते ११० असे गट असतात. लहान मुलांच्या जोड्या वेगळ्या, कमी वजनाच्या.

पट्टी वजनाला कमी पडली तर प्रत्येक उडीत ती मर्यादेबाहेर वाकते आणि कधीतरी तडकते. फार कडक असली तर वाकतच नाही. मग शिकणारा जास्त जोर लावतो आणि तोल घालवतो. म्हणूनच ‘अंगाबरोबर येईल’ म्हणून शाळेच्या गणवेशासारखी मोठी जोडी मुलाला घेऊ नये. आणि ‘सगळ्यांत मिळून एक’ अशी जोडी वस्तीतल्या प्रत्येकाने वापरू नये.

आमचा मुलगा म्हणाला, “काका, माझं वजन ६५. मी ५० ते ७० वालीच बघितलीय, स्वस्त पण आहे.” आम्ही त्याला कार्यक्रमाचा पोशाख चढवायला लावला. चमकत्या दिव्यांचा अंगरखा, कमरेची बॅटरी, शिरस्त्राण, गुडघ्या-कोपराचे संरक्षक. असा सजवून गल्लीतल्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभा केला. काटा ७१ वर गेला! त्याने पसंत केलेली जोडी पहिल्याच दिवशी अपुरी ठरली असती. नेहमी अंगावरच्या सगळ्या सामानासकट वजन करावे. आकडा गटाच्या काठावर आला तर वरचा गट घ्यावा. मात्र दोन पायऱ्या वर जाऊ नये.

हाताने तपासायच्या गोष्टी

वजनाचा गट ठरला की दोन-तीन जोड्या शेजारी ठेवून पुढील गोष्टी पाहाव्यात.

फायबरग्लासची पट्टी : काचेचे तंतू राळेत घट्ट बसवून ती बनते. कडेने बोट फिरवावे. पांढरट रेघ, सुटलेला पापुद्रा, उभी चीर दिसली तर ती पट्टी संपली समजावे. चिकटपट्टी गुंडाळून चालवू नये. जुनी जोडी घेताना हे आधी पाहावे, आणि बदलायची तर दोन्ही पायांची एकदम बदलावी.

पट्टे आणि बकले : पाऊल, घोटा आणि पोटरी तिन्ही ठिकाणी घट्ट बसली पाहिजेत. पाऊल आत हलत असेल तर सारा भार घोट्यावर येतो. पायाच्या लांबीप्रमाणे पट्टा वर-खाली करता येतो की नाही, तेही पाहावे.

नट-बोल्ट : दणक्याने ते सैल होतात. प्रत्येक वेळी चढण्याआधी पाना फिरवावा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

रबराचा तळवा : हा झिजणारच. म्हणून विकणाऱ्याला किमतीआधी विचारावे, “तळवा, बोल्ट आणि पट्टी सुटी मिळेल का?” उत्तर नाही असेल तर स्वस्त जोडीही महागच.

काठीचे स्वतःचे वजन : भाड्याने आणलेली जोडी आम्ही तोलली, ती आठ किलोच्या आसपास भरली. सायंकाळच्या गर्दीत ती कल्याणहून ठाण्याला लोकलने न्यायची, तर मालडब्याचा विचार करावा लागेल.

मोबाइलवरून मागवताना विक्रेत्याचे नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशातली आणि तक्रार कोणाकडे करायची ही माहिती दिसलीच पाहिजे, असा २०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा दंडक आहे. बिल जपून ठेवावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही दाद मागता येते.

शिकायचे कुठे?

या काठ्यांवर स्वस्थ उभे राहता येत नाही. सायकलसारखे आहे, थांबला तो पडला. पाय सतत टाकत राहावे लागतात. उंची साधारण दीड फुटाने वाढते, त्यामुळे टेम्पोच्या फाळक्यावर किंवा उंच कठड्यावर बसून बांधाव्यात. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना दोन जाणती माणसे हवीत. उडी नंतर. आधी चालणे, वळणे आणि पडणे शिकावे. पुढे झुकून, गुडघ्यांच्या संरक्षकांवर उतरत पडायचे. मागे पडणे सर्वांत वाईट. शिरस्त्राण आणि गुडघा, कोपर, मनगट यांचे संरक्षक नसतील तर पट्टे बांधूच नयेत.

जागा कोरडी, सपाट आणि मोकळी पाहावी. ओली फरशी, वाळू, खडी, पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि मंडपातल्या वायरी हे या कामाचे वैरी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्यावर हे काम जवळजवळ बंदच ठेवावे लागेल. हा मुद्दा थेट हिशेबात येतो.

आता वही उघडू

जोडी २६,००० रुपये. शिरस्त्राण व संरक्षक ४,५००. एकूण ३०,५००. हप्ते २,९५० चे बारा, म्हणजे ३५,४००. व्याजच ४,९००. वाढीव कमाई एका कार्यक्रमामागे ८००. म्हणजे नुसती फेड व्हायला ४५ कार्यक्रम हवेत. मुलाचे गेल्या वर्षीचे सारे कार्यक्रम मोजले, ते ५२ भरले. ठेकेदार म्हणतो, उड्यांची मागणी तिसऱ्या हिश्शाला. म्हणजे वर्षाला सतरा. फेडीला अडीच वर्षांहून अधिक, आणि हप्ते मात्र बारा महिन्यांचे! पट्टी तडकली, पाय मुरगळला, तर त्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

हे आकडे पाहून मुलगा गप्प झाला. मग त्याचे दोन मित्र आले. तिघांनी मिळून, कर्ज न काढता, एक जोडी घ्यावी असा विचार निघाला. पुन्हा भंगारवाल्याचा काटा. दुसरा पोशाखासह ७५ भरला, तिसरा ५८. दोघे एका गटात बसले, तिसरा बाहेर. तो हिरमुसला. “काका, एखाद्या वेळेस चालेल की!” आम्ही नाही म्हणालो, आणि त्याच्या मित्रांनीही ते मान्य केले. दोघांचा हिशेब असा : जोडी २६,००० आणि संरक्षकांचे दोन संच ९,०००, मिळून ३५,०००. व्याज नाही. दोघांचे मिळून वर्षाला चौतीस कार्यक्रम धरले तर ४४ कार्यक्रमांना, म्हणजे सव्वा वर्षाच्या आसपास, फेड.

उडी कोणाची, जोखीम कोणाची?

शेवटचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टाळ्या आयोजकाच्या कार्यक्रमाला, नफा ठेकेदाराला, आणि मोडलेले मनगट तेवढे मुलाच्या आईच्या पदरात, हे चालणार नाही. आम्ही मुलांसोबत ठेकेदाराकडे गेलो. भांडण केले नाही, चार ओळींचा कागद पुढे ठेवला. जमीन आधी दाखवायची. ओल्यावर उडी नाही. सोबत एक मदतनीस, त्याला मोबदला. दुखापत झाली तर उपचाराचा खर्च ठेकेदाराकडे. त्याने तासभर घासाघीस केली. खर्चाला १५,००० ची मर्यादा घातली आणि सही केली. पुरेसे नाही, पण काल एवढेही नव्हते.

दोघांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही बँकेतून उतरवला. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचे अपंगत्व आल्यास २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. पण हाड मोडून बरे झाले तर यात काही मिळत नाही. तेवढ्यासाठीच तो सहीचा कागद हवा.

जोडी अजून घेतलेली नाही. आधी संरक्षक घेतले आहेत. दर रविवारी भाड्याच्या जोडीवर सराव चालू आहे. जोडी ७० ते ९० चीच. ५८ किलोचा तिसरा मित्र सध्या मदतनीस आहे. कागदात लिहिल्याप्रमाणे त्याला कार्यक्रमाचे ३०० रुपये मिळायचे आहेत, आणि पाना त्याच्याच हातात असतो. चढणाऱ्याने बोल्ट पाहिले की तो पुन्हा पाहतो.

ज्या घरी असा हट्ट चालू असेल, त्यांनी आधी मुलाला पोशाखासकट काट्यावर उभे करावे, मग मोबाइल उघडावा.